रिकाम्या चौकटीची किंमत : लातूरच्या एका कुटुंबाच्या केनिया प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात राहून वेरूळ-अजिंठ्याला परगावच्या पाहुण्यांना लेणी दाखवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्यानंतर मी परदेशातील खाजगी सहली आखून देण्याच्या व्यवसायात आलो. खाजगी सहल म्हणजे एकाच कुटुंबासाठी वेगळी गाडी, वेगळा मार्गदर्शक आणि वेगळा कार्यक्रम. हा प्रकार खर्चिक असल्यामुळे मराठवाड्यात त्याचे गिऱ्हाईक मोजकेच आहे, पण ते वाढते आहे. येथे नोंदवलेले प्रकरण ऑगस्ट 2024 मधील असून त्यातील मुख्य चूक माझी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो.

कुटुंब लातूरचे, डाळ मिलच्या व्यवसायातले. सत्तरी ओलांडलेले आबा, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या माई, मिल सांभाळणारे चिरंजीव, डोळ्यांच्या डॉक्टर असलेल्या सूनबाई आणि चौदा वर्षांची नात असे पाच जण होते. सोयाबीनची आवक ऑक्टोबरात सुरू होते, तुरीची त्यानंतर. त्यामुळे मिलच्या दृष्टीने ऑगस्ट मोकळा होता आणि योगायोगाने केनियातील मसाई मारा या गवताळ राखीव वनक्षेत्रातील विल्डबीस्टचे (कळपाने फिरणाऱ्या, हरणांच्या कुळातल्या मोठ्या प्राण्याचे) स्थलांतर पाहण्याचाही तोच हंगाम. आबांची अट एकच होती : 2 सप्टेंबरला पोळा आहे, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही घरी असलो पाहिजे. माईंचीही एक अट होती, ती म्हणजे श्रावण चालू असल्याने अंडेसुद्धा चालणार नाही आणि 26 तारखेला श्रावणी सोमवार आणि गोकुळाष्टमी एकाच दिवशी येत असल्याने त्या दिवशी कडक उपवास. चिरंजीवांची अट नव्हती, अपेक्षा होती. एवढे पैसे घालतो आहोत तर काही सुटता कामा नये, असे त्यांनी मला दोनदा सांगितले आणि दुर्दैवाने मी तेच एक वाक्य प्रमाण मानले.

आखणी

कागदपत्रांच्या बाजूने काम सुरळीत झाले. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा रद्द करून ऑनलाइन प्रवासपरवानगीची पद्धत आणली, त्यामुळे तो भाग घरबसल्या उरकला. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मात्र नीट समजावून सांगावे लागले. केनियाहून परतणाऱ्याकडे भारतात ते मागितले जाते, ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीपुढील व्यक्तींना ही लस देताना डॉक्टर अधिक सावधगिरी बाळगतात. आबा आणि माईंच्या तपासण्या करून, सूनबाईंनी स्वतः खात्री करून घेतल्यावर पाचही जणांनी मुंबईच्या अधिकृत केंद्रावर लस टोचून घेतली. एकदा घेतलेली ही लस 2016 पासून आयुष्यभरासाठी ग्राह्य धरली जाते, हे ऐकून आबा म्हणाले, “म्हंजे पुन्हा जायला हरकत नाही.”

केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि संरक्षित वनक्षेत्रांत 2020 पासून एकदाच वापरायचे प्लास्टिकही चालत नाही. माईंनी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भगर आणि भाजणी अशा सगळ्यांच्या पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. त्या सोडून सगळा ऐवज स्टीलच्या डब्यांत आणि खणाच्या कापडी बटव्यांत भरावा लागला. त्यात आणखी एक अडचण अशी की नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मारात जाणाऱ्या छोट्या विमानांत माणशी पंधरा किलोच सामान घेतात, तेही मऊ बॅगेत. परतीच्या प्रवासात हे विमान होते, त्यामुळे डबे कोणी आणि किती आणायचे यावर सासू-सुनेत जी वाटाघाट झाली, तिचा मी साक्षीदार आहे.

सहलीची किंमत विमानभाडे सोडून 24 लाख रुपये ठरली आणि ती पिता-पुत्रांच्या नावे निम्मी निम्मी भरली गेली. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे परदेशी सहलीच्या पहिल्या सात लाखांवर पाच टक्के आणि त्यापुढील रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून आधीच गोळा करायचा कर, घ्यावा लागे. म्हणजे प्रत्येकी 35 हजार आणि एक लाख, दोघांचे मिळून दोन लाख सत्तर हजार. हा कर विवरणपत्रात वळता होतो. तरीही एवढी रक्कम वर्षभर अडकून पडते, हे मिलवाल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कार्यक्रम. 21 ऑगस्टला सकाळी नैरोबी, त्याच दिवशी रेल्वे संग्रहालय, जिराफ केंद्र, बाजार आणि संध्याकाळी नैरोबी राष्ट्रीय उद्यान. 22 आणि 23 अंबोसेली. 24 ला अंबोसेलीहून नैरोबीमार्गे नैवाशा. 25 आणि 26 मसाई मारा. 27 ला विमानाने नैरोबी, 28 ला रेल्वेने मोंबासा, तेथे दोन रात्री, 30 ला परत. पाच माणसांच्या झोपेच्या वेळा, दोन वृद्धांची औषधे आणि एका मुलीचा कंटाळा यांपैकी कशालाही या तक्त्यात जागा नव्हती. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत एकही चौकट रिकामी नव्हती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

मार्गदर्शक निवडताना मात्र माझी चूक झाली नाही. केनियात सफारी मार्गदर्शकांची एक व्यावसायिक संघटना आहे आणि ती ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा चढत्या श्रेणींच्या परीक्षा घेते. आमचा मार्गदर्शक सिल्व्हर श्रेणीचा, मसाई समाजातला आणि माराच्याच शेजारी वाढलेला होता. गाडीही तोच चालवणार होता. वरच्या दर्जाचा तंबू पैसे टाकले की मिळतो. असा माणूस हंगामात मिळवायला सहा महिने आधी शब्द टाकावा लागतो.

नैवाशाहून आलेला फोन

पहिल्या दिवसाच्या ओढाताणीचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला, पण तो मला कळवला कोणी नाही. अंबोसेलीत किलिमांजारोच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून येऊन दलदली तयार होतात आणि कोरड्या दिवसांत हत्तींचे कळप त्या दलदलींत तासन्‌तास उभे असतात. डोंगर टांझानियात, पाणी केनियात. या हत्तींचा अभ्यास 1972 पासून सलग चालू आहे, कानांच्या कडांवरून एकेक हत्ती ओळखला जातो आणि कोणती हत्तीण कोणत्या कुटुंबाची हे जाणकार मार्गदर्शकाला बऱ्याच अंशी सांगता येते. 23 च्या सकाळी एका म्हाताऱ्या हत्तिणीमागे चाललेले कुटुंब गाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर चरत असताना मार्गदर्शकाने इंजिन बंद केले. आबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि नुसते बघत बसले. पाऊण तासाने चिरंजीवांनी तक्ता काढून दाखवला : साडेनऊला मसाई वस्तीची भेट आहे, पैसे भरले आहेत. गाडी निघाली. वस्तीत नाच झाला, उड्या झाल्या, माळा विकत घेतल्या गेल्या. आबांनी नंतर मला सांगितले की त्या वस्तीत त्यांना एकही जनावर दिसले नाही, आणि गुरे नसलेली गुराख्यांची वस्ती पाहून त्यांना जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे वाटले.

24 तारखेचा अंबोसेली ते नैवाशा हा प्रवास जेवणाचा थांबा धरून साडेआठ तासांचा झाला. नैरोबीच्या बाहेर वाहतूक तुंबली होती. खचदरीच्या कड्यावरून खाली उतरताना जो देखावा दिसतो तो पाहायला माई गाडीतून उतरल्याच नाहीत, कारण उतरले तर परत चढता येणार नाही अशी त्यांना भीती होती. रात्री त्यांचा गुडघा सुजला. भारतात साडेअकरा वाजले होते तेव्हा आबांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागले.

“साहेब, आम्हाला कशाला पळवायलाव?” ते म्हणाले. “गाडी आमची, माणूस आमचा, पैसे आमचे. मग घाई कुणाची आहे?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वेरूळला मी स्वतः उलटे वागत आलो होतो. चौतीस लेणी दाखवायचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्याला मी कैलास लेण्याच्या सज्जात बसवून ऊन सरकेपर्यंत गप्प राहायचो आणि मग तोच म्हणायचा की बाकीची उद्या पाहू. तेच शहाणपण आखणीच्या टेबलावर बसल्यावर मी हरवून बसलो, कारण टेबलावर बसून जे विकता येते ते ठिकाणांची संख्या असते.

मी आबांना थांबवून मार्गदर्शकाला फोनवर घेतले आणि तुझे मत काय, असे प्रथमच विचारले. त्याने आधीपासून विचार करून ठेवला होता. उद्या सहाला निघायचे नाही, दहाला निघू; आजींसाठी मधली बाक आडवी करून गादी टाकतो; नारोकला चहा आणि पाय मोकळे करणे; दुपारी चारपर्यंत मारात. मात्र तेथून दोन दिवसांत उठू नका, मोंबासा सोडा. मारातील आमच्या छावणीच्याच मालकाच्या शेजारच्या छावणीत पुढच्या दोन रात्रींचा कौटुंबिक तंबू एका पाहुण्याने रद्द केल्याचे त्याला ठाऊक होते. हंगामात अशी जागा मिळणे हा नशिबाचा भाग होता. ती आहे हे माहीत असणे हा त्याच्या धंद्याचा.

चिरंजीवांचा विरोध होता आणि तो गैर नव्हता. मोंबासाचे हॉटेल एका रात्रीचे पैसे कापणार होते, 2017 मध्ये सुरू झालेल्या नव्या रुळांवरून समुद्राकडे जाण्याची त्यांना स्वतःला उत्सुकता होती आणि पोर्तुगीजांनी 1590 च्या दशकात बांधलेला फोर्ट जीझस पाहण्याचे त्यांनी मुलीला कबूल केले होते. शेवटी निर्णय माईंच्या गुडघ्याने केला.

मारातील चार रात्री

आम्ही निवडलेली छावणी राखीव क्षेत्राच्या आत नसून त्याला लागून असलेल्या एका कन्झर्व्हन्सीत होती. हा फरक महत्त्वाचा आहे. मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे असून ते नारोक काउंटीच्या अखत्यारीत येते. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. पूर्वी सामाईक असलेली कुरणे वाटली जाऊन प्रत्येकाच्या नावे तुकडे झाले, तेव्हा कुंपणे पडून जनावरांच्या वाटा बंद होण्याची वेळ आली. त्यावर उपाय म्हणून मालकांनी तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले. भाडे एकरावर ठरते आणि पाहुणे येवोत न येवोत, ते दरमहा मिळते. बदल्यात चराई पाळीपाळीने होते, तंबूंची संख्या मर्यादित राहते आणि एका प्राण्याभोवती मोजक्याच गाड्या थांबतात. राखीव क्षेत्रात रस्ता सोडायला, रात्री हिंडायला आणि पायी चालायला मनाई असते. कन्झर्व्हन्सीत मार्गदर्शकासह हे सारे करता येते.

आबांचा पहिला प्रश्न अर्थातच “एकराला किती?” हा होता. लातूर भागात सौर प्रकल्पांसाठी जमिनी भाडेपट्ट्याने जाऊ लागल्या आहेत आणि त्यांच्या भावकीत त्यावरून वाद चालू आहे. मार्गदर्शकाच्या वडिलांची जमीन याच कन्झर्व्हन्सीत होती, त्यामुळे उत्तर ऐकीव नव्हते. करार किती वर्षांचा, वाढ किती, भावाभावांत वाटणी कशी, जमीन कुंपण घालून विकणाऱ्यांचे काय, असा तासभर जाबजबाब झाला आणि शेवटी मार्गदर्शकच म्हणाला, उद्या माझ्या काकांकडेच चला.

26 च्या सकाळी सहा वाजता आबा आणि नात त्याच्याबरोबर गेले. काट्यांच्या कुंपणातून गुरे बाहेर पडत होती आणि काका दारात उभे राहून एकेक जनावर नजरेखालून घालत होते. लाल रंग, आखूड शिंगे, गळ्याखाली लोंबणारी सैल पोळी. आबा म्हणाले, ही आपल्याकडची दिसते. ते बरोबर होते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातून साहिवाल जनावरे केनियात नेली गेली, नैवाशाला त्यांचे पैदास केंद्र झाले आणि मसाईंनी आपल्या लहान चणीच्या गुरांत तो रक्तसंकर आवडीने करून घेतला. आबांनी एका वळूच्या वशिंडावर हात ठेवला आणि मागे सरकून त्याचे खूर पाहिले. मग त्यांनी फोनमधला आपल्या देवणी बैलांच्या जोडीचा फोटो काढला, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला. काकांनी तो फोन दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि मसाईंच्या मा भाषेत काही विचारले. मार्गदर्शकाने सांगितले : ते विचारताहेत, याला नांगराला का जुंपता? दिसतो तर लग्नात द्यायच्या लायकीचा. पोळ्याचे वर्णन यानंतर झाले. झूल, बेगड, खांदेमळणी, पुरणपोळीचा नैवेद्य. भाषांतर करताना मार्गदर्शक एकदाच अडला, बैलाला निमंत्रण देतात या ठिकाणी.

तिकडे छावणीत माईंचा उपवास होता. आचारी भारतीय पाहुण्यांना सरावलेला होता, पण उपवास म्हणजे काहीच न खाणे अशी त्याची समजूत असल्याने त्याने सकाळपासून केवळ चहाच पाठवला. केनियात चहाला आपल्यासारखेच चाय म्हणतात आणि तो दुधात उकळतात, ही त्यातल्या त्यात सोय. दहाच्या सुमारास माई सूनबाईंचा हात धरून स्वयंपाकघराच्या तंबूत गेल्या. तेथे टोपलीत रताळी होती. त्यांनी स्टुलावर बसून रताळी किसायला घेतली, आचाऱ्याने दाणे भाजले, आणि हातवाऱ्यांनी समजावत समजावत कीस आणि भगर असा बेत जमला. हिरवी मिरची त्याने तिखटपणाच्या भीतीने अर्धीच घातली; माईंनी उरलेली अर्धी हातात घेऊन त्याच्याकडे बघत घातली. त्या दिवशी दुपारी त्या छावणीतल्या इतर पाहुण्यांनीही रताळ्याचा कीस खाल्ला.

27 तारखेला स्थलांतर पाहण्यासाठी राखीव क्षेत्रात जायचे ठरले. जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला तेथे दिवसाचे 200 डॉलर आणि मुलांना 50 डॉलर प्रवेशशुल्क पडते, म्हणजे या पाच जणांचे 850 डॉलर, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा चालते. नदीकाठी अनेक गाड्या दिवसच्या दिवस थांबून राहतात. यांना तासाभरातच दिसले. विल्डबीस्टांचा लोंढा धूळ उडवत कड्यावरून पाण्यात उतरला, पलीकडच्या काठाला घसरू लागला आणि गाडीसमोरच एका मगरीने वासराला धरले. वासरू लगेच गेले नाही. नातीने आजीच्या पदरात तोंड खुपसले आणि म्हणाली, “आजी, चला ना इथून.”

मार्गदर्शकाने आरशातून आबांकडे पाहिले. जनावरे उतरत असताना गाडी हलवली तर लोंढा बिथरून परत फिरतो, म्हणून त्याने शेवटची रांग पाण्यात उतरेपर्यंत वाट पाहिली, मग हळूहळू झुडपामागे गाडी मागे घेतली आणि सात किलोमीटरवर एका उंबराच्या जातीच्या झाडाखाली थांबवून थर्मास काढला. साडेदहा वाजले होते. चिरंजीव काही बोलले नाहीत, पण 850 डॉलरांचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, असे सूनबाईंनी मला सांगितले. समूह सहलीच्या गाडीत ती मुलगी दुपारपर्यंत तेथेच बसली असती. माझ्या मते वेगळ्या गाडीचे पैसे त्या एका वळणावर वसूल झाले. चिरंजीवांच्या मते नाही.

28 तारखेला काहीही झाले नाही. माई तंबूसमोर पाय वर करून बसल्या, सूज उतरली, रात्री फेरीत तरस आणि एक बिबट्या दिसला.

पुन्हा नैरोबी

मोंबासा सुटल्यामुळे 29 ची दुपार आणि 30 चा दिवस नैरोबीत मोकळा मिळाला. आबांनी रेल्वे संग्रहालय पुन्हा मागितले, कारण पहिल्या दिवशी तेथे त्यांना वीस मिनिटे मिळाली होती. या वेळी ते दोन तास रमले. हे शहर 1899 मध्ये रेल्वेच्या मुक्कामातून वाढले आणि ती रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले होते, त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मेले. 1900 मध्ये किमा स्थानकाजवळ ज्या डब्यात शिरून सिंहाने एका पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेले, तो डबा तेथे ठेवलेला आहे. आबांना डब्यापेक्षा रुळांत रस होता. हे मीटर गेज. आपली कुर्डुवाडी-लातूर बार्शी लाइट त्याहून अरुंद. लहानपणी त्या गाडीतून उतरून चालत्या गाडीबरोबर पळाल्याचे किस्से नातीला इथे, नैरोबीत, पहिल्यांदा ऐकायला मिळाले. बाजारात गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि हिशेबाला ‘हेसाबू’ म्हणतात हे कळल्यावर तिने घासाघीस स्वतःच्या हाती घेतली.

हिशेब

मारातील वाढीव दोन रात्रींचा खर्च मोंबासाचे परत आलेले पैसे वजा जाता एक लाख ऐंशी हजार रुपये झाला. आखणीतली चूक माझी असल्याने त्यातील निम्मी रक्कम मी सोसली. आबांनी सगळीच देऊ केली होती, ती घेणे मला योग्य वाटले नाही. मार्गदर्शकाला कुटुंबाने वेगळी बक्षिसी दिली, तिचा आकडा मला सांगितलेला नाही.

त्यानंतर मी आखणीची पद्धत बदलली आहे. सलग दोन रात्रींचा मुक्काम कोठेही ठेवत नाही, तीन तरी असतात. रस्त्याचा प्रवास एका दिवशी पाच तासांपलीकडे नेत नाही, आणि तक्ता गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी मार्गदर्शकाला दाखवतो. याचा तोटाही आहे. रिकाम्या चौकटींचा तक्ता पाहून बीडचे एक गृहस्थ आणि नांदेडचे एक कुटुंब दुसरीकडे गेले, कारण तेवढ्याच पैशात त्यांना दुप्पट ठिकाणे दाखवणारा कोणी भेटला, आणि मी त्यांना अडवू शकलो नाही.

पोळ्याच्या दिवशी आबांनी मला शिंगे रंगवलेल्या जोडीचा फोटो पाठवला. तोच त्यांनी केनियालाही पाठवला होता. चिरंजीव टीसीएसच्या कागदांसाठी दिवाळीनंतर संभाजीनगरला आले, चहा घेतला, आणि उठता उठता म्हणाले की मोंबासा राहिलेच. मी म्हटले, राहिले. समुद्र, रेल्वे आणि किल्ला एवढेच करायला किती दिवस लागतील, असे त्यांनी विचारले. मी पाच म्हणालो, ते तीन म्हणाले. अजून ठरलेले नाही.